तालुक्याच्या गावचा समीक्षक : श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि आशयसूत्राचा शोध

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (२९ जून १८७१ ते १ जून १९३४) यांचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात प्रायः तीन प्रकरणांत येते. संगीत नाटकाच्या प्रकरणात किर्लोस्कर-देवलांनंतरचे नाटककार म्हणून, विनोदाच्या प्रकरणात ‘सुदाम्याच्या पोह्यां’चे कर्ते म्हणून आणि राम गणेश गडकरी यांच्या प्रकरणात त्यांचे गुरू म्हणून. महाराष्ट्रगीताचे कवी ही चौथी ओळख खरे तर सर्वांत दूरवर पोहोचलेली आहे. पण ते गीत म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना कवीचे नाव विचारले तर सांगता येत नाही. या साऱ्या गर्दीत समीक्षक कोल्हटकर मागे राहिले. वास्तविक त्यांच्या लेखनजीवनाचा आरंभ समीक्षेने झाला आणि ती त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. मराठीत परीक्षणलेखाला स्वतंत्र, विस्तृत निबंधाची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या पहिल्या काही लेखकांत त्यांची गणना करावी लागते.

त्यांच्या चरित्राकडे या अंगाने पाहण्याचे एक व्यावहारिक कारणही आहे. एखाद्या कथेचे, कादंबरीचे वा नाटकाचे आशयसूत्र सांगा, असा प्रश्न पदव्युत्तर परीक्षेत हमखास येतो आणि त्याची उत्तरेही हमखास एका साच्याची असतात. स्त्रीची दुःस्थिती, व्यसनाचे दुष्परिणाम, ग्रामीण जीवनातील दारिद्र्य असे एखादे लेबल कृतीला चिकटवायचे, मग कथानकाचा सारांश द्यायचा आणि अखेरीस ते लेबल पुन्हा उच्चारायचे. मधल्या मजकुरात कृती कोठेच तपासलेली नसते. कोल्हटकर हा मधला मजकूर लिहिणारे समीक्षक होते. आणि त्यांच्या चरित्रातील खरा पेच असा की, दुसऱ्याच्या कृतीला ते जी कसोटी लावीत, त्या कसोटीला त्यांची स्वतःची नाटके पुष्कळदा उतरली नाहीत.

कोल्हटकरांचे घडणीचे दिवस वऱ्हाडात गेले. १८८८ मध्ये ते प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाले, १८९१ मध्ये बी. ए. झाले आणि १८९७ मध्ये त्यांनी एल्‌एल. बी. ही पदवी मिळविली. या निमित्ताने पुण्या-मुंबईशी त्यांचा निकटचा संबंध आला. त्या काळच्या पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’चा (१८७४ ते १८८१) प्रभाव ओसरलेला नव्हता, आगरकरांचे ‘सुधारक’ चालू होते आणि हरी नारायण आपटे यांचे ‘करमणूक’ १८९० मध्ये नुकतेच निघाले होते. सुधारणेचा विचार आगरकरांकडून, भाषेचा अभिमान चिपळूणकरांकडून आणि कथात्म वाङ्मयाविषयीचे गांभीर्य आपट्यांकडून, असे त्या पिढीतील विद्यार्थ्याचे ऋण ढोबळपणे मांडता येईल. कोल्हटकरांच्या बाबतीत यांपैकी पहिले ऋण सर्वांत ठळक आहे; त्यांची नाटके आणि विनोदी लेख या दोहोंचा कणा सुधारकी विचाराचाच आहे.

पदवी आणि वकिलीची परीक्षा यांच्या दरम्यानच्या काळात ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात ‘विक्रमशशिकला’ या नाटकावर त्यांनी परीक्षण लिहिले आणि तेथून त्यांच्या समीक्षालेखनाला सुरुवात झाली. ‘विविधज्ञानविस्तार’ हे १८६७ मध्ये सुरू झालेले मासिक. गंभीर, विस्तृत लेखाला त्यात जागा असे. त्या काळी परीक्षण म्हणजे बहुधा पोच असे. पुस्तक मिळाले, छपाई सुबक आहे, किंमत माफक आहे, ग्रंथकर्त्याचा उद्योग स्तुत्य आहे, असा मजकूर वृत्तपत्रांतून येई. याच्या दुसऱ्या टोकाला चिपळूणकरी धर्तीची झोड होती. या दोन्हींपासून वेगळे असे सिद्धान्तपर लेखनही झालेले होते. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्येच नावल व नाटक या प्रकारांविषयी निबंध लिहिला होता आणि पुढे १९०२ मध्ये वि. का. राजवाडे यांनी कादंबरीवर दीर्घ निबंध लिहिला. पण मराठे आणि राजवाडे यांचे लक्ष प्रकारावर आहे. एकच कृती समोर घेऊन तिच्या कथानकाचा, पात्रांचा, संवादांचा, भाषेचा आणि एकूण परिणामाचा पायरीपायरीने विचार करायचा, गुण आणि दोष यांची कारणे द्यायची, हे काम कोल्हटकरांनी चिकाटीने केले.

१८९६ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीने त्यांचे ‘वीरतनय’ रंगभूमीवर आणले. पुराणातली किंवा इतिहासातली कथा न घेता स्वतः कल्पिलेली कथा, पारशी रंगभूमीच्या वळणाच्या चाली आणि कोटिबाज संवाद यांमुळे हे नाटक गाजले. वकिलीची सनद हाती येण्यापूर्वीच कोल्हटकर महाराष्ट्रभर नाटककार म्हणून परिचित झाले होते. अशा लेखकाने पुण्यास किंवा मुंबईस बिऱ्हाड करावे, हे स्वाभाविक ठरले असते. त्यांनी मात्र अकोल्यास वकिलीला आरंभ केला आणि पुढे जळगाव-जामोद व खामगाव या गावी व्यवसाय केला.

जळगाव-जामोद हे खानदेशातील जळगाव नव्हे, हे वऱ्हाडाबाहेरच्या वाचकाला सांगावे लागते. सातपुड्याच्या पायथ्याशी, पूर्णेच्या खोऱ्याच्या उत्तर कडेला वसलेले हे तालुक्याचे ठिकाण. खामगाव त्याच्या दक्षिणेस. कापसाची मोठी बाजारपेठ, आणि त्या कापसासाठीच जलंबपासून खामगावपर्यंत १८७० मध्ये लोहमार्गाचा फाटा काढण्यात आलेला. ही दोन्ही गावे पूर्वी अकोला जिल्ह्यात मोडत. १९०५ मध्ये वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हा ती बुलढाणा जिल्ह्यात आली. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेलेला हा मुलूख मराठी असूनही मुंबई इलाख्याच्या बाहेर होता. पुण्यातील वाङ्मयीन मंडळे, मुंबईतील छापखाने, नाटक मंडळ्यांच्या तालमी यांपासून तो दूर होता. पुस्तके आणि मासिके टपालाने यायची. परीक्षणे टपालाने जायची.

हे अंतर कोल्हटकरांच्या समीक्षेला मानवले, असे म्हणावयास जागा आहे. लेखकाशी रोज गाठ पडत नसल्यामुळे भीड नव्हती, आणि मंडळींच्या गप्पांतून कृतीविषयीची मते आयती मिळण्याची सोयही नव्हती. हाती छापील प्रत आणि स्वतःची बुद्धी एवढीच सामग्री. अशा एकान्ताचा तोटाही होतो. नाटक पाहण्याऐवजी ते वाचले जाते, आणि वाचलेल्या नाटकातील तर्काच्या चुका रंगमंचावर दिसल्या असत्या त्यापेक्षा मोठ्या दिसू लागतात. कोल्हटकरांच्या चिकित्सेत ही अतिसूक्ष्मता आहे आणि तिचे मूळ केवळ स्वभावात शोधणे बरोबर होणार नाही.

वकिली हा दुसरा घटक. दिवाणी दाव्यात वादीची फिर्याद आणि प्रतिवादीची कैफियत दाखल झाली की न्यायाधीश प्रथम वादाचे मुद्दे काढतो. दाव्यातील शेकडो तपशिलांपैकी ज्यांच्यावर निकाल अवलंबून आहे असे थोडके प्रश्न निवडणे, हे ते काम. मुद्दा चुकीचा निघाला तर पुढचा सगळा साक्षीपुरावा व्यर्थ जातो. मुद्दा म्हणजे निकाल नव्हे. तो प्रश्न असतो आणि पुराव्याने त्याचे उत्तर मिळवायचे असते. आशयसूत्राविषयी लिहिणाऱ्याने नेमके हेच करायचे असते. व्यसनाचे दुष्परिणाम हे शब्द म्हणजे दाव्याचे शीर्षक झाले. या कृतीत माणूस व्यसनात कशामुळे अडकतो, त्याला सुटण्याची संधी मिळते काय, ती तो का गमावतो, आणि त्याच्या पतनाची किंमत कोण देतो, हे मुद्दे झाले. त्यांची उत्तरे प्रसंगांच्या साक्षीतून काढावी लागतात. कोल्हटकरांची परीक्षणे वाचताना वकिलाची ही शिस्त जाणवते. कथानक घटनाक्रमाने तपासणे, पात्राच्या एका ठिकाणच्या वर्तनाची दुसऱ्या ठिकाणच्या वर्तनाशी सांगड घालणे, विसंगती दिसताच उलटतपासणी सुरू करणे, ही त्यांची पद्धत. १९०२ मध्ये त्यांनी लिहिलेल्या पहिल्या विनोदी लेखाचा विषय साक्षीदार हाच असावा, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. ज्याने कोर्टात रोज साक्षी ऐकल्या, त्याला कथेतील पात्रांची साक्षही सहजासहजी पटणार नव्हती. गणिताची आवड हे याच बुद्धीचे आणखी एक रूप. १९१३ मध्ये त्यांचा ‘भारतीय ज्योतिर्गणित’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

आशयसूत्र हा शब्द विद्यापीठीय समीक्षेने अलीकडे रूढ केला. कोल्हटकरांच्या पिढीत तात्पर्य, बोध, हेतू, मध्यवर्ती कल्पना अशा संज्ञा वापरात होत्या आणि त्या एकमेकींत मिसळत असत. त्यांपैकी तात्पर्य ही संज्ञा भारतीय परंपरेत फार काटेकोर आहे. मीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्याची सहा गमके सांगितली : उपक्रम व उपसंहार यांची एकवाक्यता, अभ्यास म्हणजे पुनरुक्ती, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. कथात्म वाङ्मयालाही ही गमके बऱ्याच अंशी लागू पडतात. कृती कोठे सुरू होते आणि कोठे संपते, कोणती गोष्ट ती परतपरत सांगते, नवीन काय सांगते, घटनांचे पर्यवसान कशात होते, कोणता भाग निव्वळ स्तुतीचा वा निंदेचा म्हणून बाजूला ठेवावा लागतो, आणि या सर्वांची तर्कसंगती लागते काय, हे सहा प्रश्न विचारले की आशयसूत्राचे विवेचन पुष्कळसे पुरे होते. १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळकांनी गीतेचे तात्पर्य काढताना आरंभीच या गमकांचा आधार घेतला. ग्रंथाचा अर्थ काय, हा प्रश्न त्या वेळी सुशिक्षित मराठी समाजात किती जिवंत होता, याची त्यावरून कल्पना येते. संस्कृत नाट्यशास्त्रातील बीज ही कल्पनाही येथे आठवावी. बीज म्हणजे आरंभी अल्प रूपात पेरलेले आणि पुढे कथाभर विस्तारत जाणारे कारण. बीज बाहेरून आणून फांदीला बांधता येत नाही.

कोल्हटकरांच्या परीक्षणांपैकी न. चिं. केळकर यांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकावरील आणि वामन मल्हार जोशी यांच्या ‘रागिणी’ या कादंबरीवरील परीक्षणांचा उल्लेख नेहमी केला जातो. या दोन कृतींची निवडच बोलकी आहे, कारण आशयसूत्राचा प्रश्न दोन्ही कृती वेगवेगळ्या प्रकारे अवघड करतात. केळकरांच्या नाटकाचा विषय पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव धारण करून उभा राहिलेला तोतया. बंड राजकीय आहे, परंतु त्याची झळ पार्वतीबाईंच्या अंतःकरणाला लागते. पती जिवंत असेल ही आशा आणि समोरचा मनुष्य परका असेल ही शंका यांच्यामध्ये त्या सापडतात. हे नाटक पेशवाईच्या राजकारणाचे की एका स्त्रीच्या प्रतीक्षेचे, हे ठरवल्याशिवाय त्यातील कोणता प्रसंग आवश्यक आणि कोणता उपरा, हे सांगता येत नाही. नाटकाचे नाव एक सांगते, मनावर ठसा दुसऱ्याचाच राहतो.

‘रागिणी’चा प्रश्न याहून बिकट. या कादंबरीला ‘काव्यशास्त्रविनोद’ असे दुसरेही नाव आहे आणि ते सार्थ आहे. तिच्यातील माणसे धर्म, नीती, तत्त्वज्ञान, स्त्रियांचे हक्क यांवर मनसोक्त वाद घालतात. तेव्हा आशय या चर्चांमध्ये आहे की पात्रांच्या आयुष्यात जे घडते त्यात आहे? चर्चा कितीही मोलाची असली तरी कथा तिला साथ देत नसेल, तर आशयसूत्र पात्रांच्या तोंडी राहते, कृतीचे होत नाही. उलट, पात्राने मांडलेले मत आणि त्याच पात्राच्या वाट्याला आलेला अनुभव यांत विरोध दिसला, तर त्या विरोधातच कादंबरीचा खरा आशय असू शकतो. पात्राचे मत हे लेखकाचे मत धरून चालणारा विद्यार्थी नेमका येथे फसतो. ‘रागिणी’सारख्या चर्चाप्रधान कादंबरीचे कथा म्हणून परीक्षण करणे, तिच्यातील विचारांच्या उंचीने दिपून न जाता तिची बांधणी पाहणे, हे त्या काळात धाडसाचे होते. कोल्हटकर स्वतः कोटीचे आणि चतुर संवादाचे भोक्ते असल्यामुळे संवाद कथेवर कुरघोडी कशी करतो, हे त्यांना आतून ठाऊक होते.

आता त्यांच्या स्वतःच्या नाटकांकडे वळावे लागते. ‘मूकनायक’ (१९०१), ‘गुप्तमंजूष’ (१९०३), ‘मतिविकार’ (१९०७), ‘प्रेमशोधन’ (१९११), ‘वधूपरीक्षा’ (१९१४), ‘सहचारिणी’ आणि ‘जन्मरहस्य’ (दोन्ही १९१८) अशी ही मालिका. यांतील बहुतेकांना एक सुधारकी सूत्र आहे : मद्यपाननिषेध, स्त्रीशिक्षण, विधवांचा प्रश्न, विवाहातील निवड. सूत्र पुरोगामी आहे आणि त्यामागची कळकळ खरी आहे. मात्र या सूत्राभोवती प्रच्छन्न वेष, चुकलेली ओळख, गुप्त पेट्या, योगायोग आणि एकावर एक रचलेल्या प्रणयकथा यांचे इतके दाट जाळे असते की प्रेक्षक त्या जाळ्यातच गुरफटतो. ‘मूकनायका’त मद्यपानाचा प्रश्न प्रणयाच्या गुंत्याशेजारी चालतो, दोहोंचा सांधा लेखकाने जोडल्यामुळे जुळतो, घटनेच्या रेट्याने जुळत नाही. सूत्र काढून घेतले तरी कथानक उभे राहते, आणि कथानक बदलले तरी सूत्र तेच राहू शकते. ज्या समीक्षकाने दुसऱ्याच्या नाटकातील असा सैल सांधा ताबडतोब हेरला असता, त्याने स्वतःच्या नाटकात तो चालू दिला.

याच किर्लोस्कर मंडळीने १८९९ मध्ये गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘शारदा’ रंगभूमीवर आणले होते. बालाजरठविवाह हे त्याचेही सुधारकी सूत्रच. पण ‘शारदे’त सूत्र आणि कथा वेगळी काढता येत नाहीत, म्हाताऱ्याशी लग्न लावून दिली जाणारी मुलगी ही कथाही आहे आणि आशयही तोच आहे. देवलांजवळ कोल्हटकरांएवढी कल्पकता नव्हती, हे त्यांच्या पथ्यावर पडले. कल्पकता हा कोल्हटकरांचा मोठा गुण, आणि त्यांच्या नाटकांचा घातही तिनेच केला. त्यांच्या नंतरच्या नाटकांनी रंगभूमीवर मूळ धरले नाही.

त्यामानाने विनोदी लेखांत हा पेच जवळजवळ नाहीसा झाला. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही त्रयी घेऊन त्यांनी लिहिलेल्या लेखांचे सूत्र रूढींची विसंगती हे आहे, आणि विसंगती दाखविण्यासाठी तेथे दूरचे कथानक आणावे लागत नाही. रूढी अक्षरशः पाळून दाखविली की पुरते. अठरा लेखांचा ‘अठरा धान्यांचे कडबोळे’ हा संग्रह पुढे बत्तीस लेखांचा होऊन ‘साहित्य बत्तिशी’ या नावाने १९२३ मध्ये आला. मराठीतील स्वतंत्र विनोदी लेखनाची परंपरा येथून मोजतात. याखेरीज ‘गाणारे यंत्र’, ‘संपादक’ यांसारख्या काही कथा त्यांनी लिहिल्या आणि १९२५ मध्ये ‘दुटप्पी की दुहेरी?’ व ‘श्यामसुंदर’ या दोन कादंबऱ्याही प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी एकीने तरी त्यांच्या कीर्तीत विशेष भर घातली असे दिसत नाही.

मद्यपानाचे सूत्र कोल्हटकरांच्या शिष्याने पुन्हा हाती घेतले. गडकऱ्यांनी कोल्हटकरांना उघडपणे गुरू मानले. ‘बाळकरामा’चा विनोद आणि त्यांच्या नाटकांतील कोटिबाज संवाद या दोहोंवर गुरूचा ठसा स्पष्ट आहे. २३ जानेवारी १९१९ रोजी गडकरी सावनेर येथे वारले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’ प्रथम सादर केले. ‘मूकनायक’ आणि ‘एकच प्याला’ ही दोन नाटके शेजारी ठेवून वाचणे हा आशयसूत्राच्या अभ्यासाचा उत्तम धडा ठरेल. दोन्हींचे लेबल एक. ‘एकच प्याल्या’त मात्र सुधाकराची बुद्धी, त्याचा मानी स्वभाव, काही काळापुरती रद्द झालेली सनद, सिंधूची निष्ठा, यांतील एकही गोष्ट सूत्रापासून अलग करता येत नाही. माणूस पहिल्या प्याल्यालाच का हरतो, हा मुद्दा धरून नाटक अखेरपर्यंत त्याचाच पाठपुरावा करते. तळीराम आणि आर्य मदिरा मंडळाचे प्रवेश हा गुरूकडून आलेला वारसा, आणि क्वचित तो मूळ ओघाला अडवतोही. सुधाकर वकील असणे ही गोष्ट जाता जाता नोंदवावी. तिच्यावर फार मोठी इमारत उभारू नये.

शिष्य पुढे गेला याचा अर्थ गुरूची शिकवण वाया गेली असा होत नाही. गडकऱ्यांना कथानकाचा आणि परिणामाचा जो विचार मिळाला, तो कोल्हटकरांच्या नाटकांतून जितका मिळाला तितकाच त्यांच्या चिकित्सेच्या सहवासातूनही मिळाला असावा. वि. स. खांडेकर हे या परंपरेतील दुसरे मोठे नाव. त्यांनीही कोल्हटकरांना गुरुस्थानी मानले आणि कथा-कादंबरीबरोबर समीक्षाही लिहिली. गडकऱ्यांवरील त्यांचे पुस्तक १९३२ मध्ये आले. खांडेकरांच्या ध्येयवादी कादंबऱ्यांत सूत्र आधी आणि कथा मागाहून असे अनेकदा होते, आणि तेथे कोल्हटकरी पेच नव्या रूपात दिसतो. ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या पुस्तकात कथेच्या तंत्राला प्राधान्य दिले. त्यानंतर कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद रंगला. वादाच्या धुरळ्यात एक साधी गोष्ट दिसेनाशी झाली : सूत्र थोर असो वा नसो, ते कथेतून निघाले आहे काय, हे तपासल्याशिवाय दोन्ही पक्षांना बोलता येत नाही. पुढे बा. सी. मर्ढेकरांनी ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) आणि ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) यांतून या प्रश्नाला तात्त्विक पातळीवर नेले. तेव्हापासून गुणदोषांची तपशीलवार मोजणी करणारी कोल्हटकरी पद्धत जुनाट ठरली. तिच्यावरील आक्षेप निराधार नाहीत. ती कृतीचे तुकडे करते, कृतीच्या एकसंध अनुभवाला क्वचितच हात घालते, आणि संभाव्यतेचा आग्रह धरताना अद्भुताला व प्रतीकाला पुरेसा वाव देत नाही. काव्याच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. परंतु कृती वाचल्याचा पुरावा प्रत्येक पानावर देणे, हा या पद्धतीचा गुण तिच्यानंतरच्या अनेक चकचकीत पद्धतींत सापडत नाही.

१९२७ मध्ये पुण्यास भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद कोल्हटकरांकडे आले. वऱ्हाडातील तालुक्याच्या गावी वकिली करणाऱ्या लेखकाला पुण्याने दिलेला हा मान होता. तोवर त्यांची नाटके मागे पडू लागली होती, गडकरी जाऊन आठ वर्षे झाली होती आणि रंगभूमीलाही उतरती कळा लागण्याच्या बेतात होती. ‘श्रमसाफल्य’ हे नाटक त्यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. १९३२ मध्ये त्यांचा लेखसंग्रह निघाला. मासिकांच्या जुन्या अंकांत विखुरलेले लेखन त्यामुळे एकत्र वाचण्याची सोय झाली, आणि कोल्हटकरांच्या समीक्षेकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम हाती घ्यावे असे पुस्तक अजूनही तेच आहे. मृत्यूनंतर वर्षभराने, १९३५ मध्ये, त्यांचे ‘आत्मवृत्त’ आले. ‘मायाविवाह’ हे नाटक छापले जाण्यास १९४६ साल उजाडावे लागले.